बंद दिव्याचा करार

गाडीचा टेललाइट गेला की गॅरेजवाल्याचं उत्तर आता ठरलेलं असतं: अख्खी असेंब्लीच बदलावी लागेल. आतला एक बारीक एलईडी गेलेला असो, बाहेरच्या लाल काचेला तडा गेलेला असो, की दिवा बॉडीला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा एखादा कान तुटलेला असो, उत्तर तेच. कारण दिव्याची काच आणि तिच्या मागचा खोका कारखान्यातच एकमेकांत वितळवून जोडलेले असतात. मध्ये ना स्क्रू असतो, ना खटका. मग गिऱ्हाईक नवी असेंब्ली घेतं. नाहीतर मुंबईत सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत मायापुरीला अपघातात गेलेल्या गाडीचा काढीव दिवा शोधत फिरतं. किंवा असा कारागीर गाठतं, जो बंद दिवा जोडावर कापून उघडतो आणि दोन निकामी दिव्यांतून एक चालता दिवा उभा करतो. या कारागिराच्या कामाला कंपन्या, विमावाले आणि पुष्कळसे गाडीमालकही जुगाड म्हणतात. मला ते पटत नाही. मोटारीचा दिवा सीलबंद करायची कल्पना प्रथम रुजली, तेव्हा तिच्याबरोबर एक करार आला होता. दिवा उघडता येणार नाही, पण बिघडला तर त्याच मापाचा दुसरा दिवा कुठल्याही दुकानात, कुठल्याही कंपनीच्या गाडीसाठी मिळेल, असा तो करार होता. गेल्या चाळीस वर्षांत त्यातलं पहिलं कलम पाळलं गेलं आणि दुसरं सोडून दिलं गेलं. दिवे कापून सुटे भाग काढण्याचा धंदा या सोडून दिलेल्या कलमातून उभा राहिला आहे.

अगदी सुरुवातीच्या मोटारींचे दिवे घोडागाडीवरून आले होते. पुढे कार्बाइडवर पाणी ठिबकवून तयार होणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे, मागे रॉकेलचा छोटा कंदील. त्या मागच्या कंदिलाला दोन काचा असत: पाठीमागून येणाऱ्याला दिसावी म्हणून एक लाल, आणि नंबरप्लेटवर उजेड पडावा म्हणून बाजूला एक पांढरी. ही दुहेरी जबाबदारी कायद्यात अजून टिकून आहे. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, म्हणजे १९८९ च्या नियमावलीत, मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे, असं लिहिलेलं आहे. कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलमध्ये विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले, आणि पुढच्या काही वर्षांत तेल-वायूचे दिवे मागे पडले. पण विजेने एक नवं दुखणं आणलं. बल्ब झटकन बदलता येई. दिव्याच्या आतला चकचकीत परावर्तक मात्र चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेचा असे. जोडांतून धूळ आणि दमट हवा आत शिरली की चांदी काळवंडे. पुसायला जावं तर मुलामाच निघून येई. चालकाला वाटे बल्ब म्हातारा झाला, तो नवा बल्ब घाली, आणि उजेड तेवढाच मिणमिणता राही. उघडता येणारा दिवा म्हणजे आपोआप चांगला दिवा, असा समज कोणी करून घेऊ नये; उघडता येणं हाच त्या दिव्याचा दोष होता.

या दोषावर उत्तर सापडलं ते अमेरिकेत, १९३० च्या दशकात. जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल राइट यांनी साच्यात दाबून घडवलेल्या जाड काचेचा असा दिवा तयार केला, ज्यात परावर्तक आणि पुढची काच वितळवून एक केलेली होती. आत चढवलेला ॲल्युमिनियमचा पातळ थर चकाकी देई, आणि तार थेट त्याच बंद पोकळीत असे. थोडक्यात, अख्खा दिवाच एक मोठा बल्ब झाला. हवा आत जायला वाट नाही, म्हणून परावर्तक काळा पडत नाही; शेवटच्या दिवशीही उजेड जवळजवळ पहिल्या दिवसाइतकाच. याला 'सील्ड बीम' म्हणू लागले. १९४० च्या मॉडेलांपासून अमेरिकी कंपन्यांनी तो सर्रास स्वीकारला. इथवरची गोष्ट तंत्रज्ञानाची आहे आणि ती सगळीकडे सांगितली जाते. माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. कंपन्यांनी आणि राज्यांच्या वाहन अधिकाऱ्यांनी मिळून या दिव्याचं मापही एकच ठरवलं: सात इंच व्यासाचा गोल. फोर्ड असो, शेव्हरोले असो की प्लिमथ, दिवा तोच. त्याआधी प्रत्येक मॉडेलची काच वेगळी होती, प्रत्येक राज्याची मान्यता वेगळी होती, आणि दुकानदाराला डझनावारी प्रकार बाळगावे लागत. आता आडगावच्या पेट्रोल पंपावरही दिव्याचे दोन-चार खोके ठेवले की भागत होतं. मालकाचा दिवा उघडण्याचा हक्क गेला खरा, पण त्याच्या बदल्यात दिवा कुठेही, कोणाकडूनही विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. १९५७-५८ मध्ये चार छोट्या गोल दिव्यांची आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात चौकोनी दिव्यांची परवानगी मिळाली; मापं वाढली, तरी ती सगळ्यांना समान राहिली.

हे माप अमेरिकेपुरतं राहिलं नाही. आपली ॲम्बॅसॅडर, महिंद्राची जीप आणि एन्फिल्डची बुलेट या तीन अगदी निराळ्या गाड्या. एक चारचाकी घरंदाज, एक लष्करी वळणाची, एक दुचाकी. तिघींच्या पुढच्या दिव्याचं माप मात्र सात इंची गोल. आयातीवर कडक बंधनं आणि सुट्या भागांची कायमची टंचाई असलेल्या त्या दशकांत या समान मापाचं मोल आज सहज लक्षात येत नाही. तालुक्याच्या गावी बुलेटसाठी ठेवलेला दिवा अडचणीच्या वेळी जीपच्या कामी येऊ शके.

मागच्या दिव्याने तोच करार वेगळ्या वाटेने पाळला. अमेरिकेत पुढच्या दिव्याचा आकार नियमाने बांधून टाकला होता, मागच्या दिव्याला असं बंधन नव्हतं. त्यामुळे डिझाइन करणाऱ्यांनी सगळी हौस मागे भागवली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचेऐवजी ॲक्रिलिकची लाल भिंगं आली. ती साच्यात हवा तो आकार घेत. १९५९ च्या कॅडिलॅकच्या शेपटीच्या पंखांतून बाहेर आलेले बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे लाल दिवे हे त्या हौसेचं टोक. पण आकार कितीही निराळा असला, तरी भिंग चार-दोन स्क्रूंनी रबराच्या पट्टीवर बसवलेलं असे आणि आतला बल्ब सगळ्यांचा एकच. या बल्बाकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. काचेच्या एकाच फुग्यात दोन तारा: रात्रभर जळणारी मंद तार सुमारे ५ वॉटची, ब्रेक दाबल्यावर पेटणारी प्रखर तार २१ वॉटची. पितळेच्या बुडाला दोन बाजूंनी दोन खिळे, पण ते समोरासमोर असूनही एका उंचीवर नाहीत. एक किंचित वर, एक किंचित खाली. होल्डरातल्या खाचाही तशाच. त्यामुळे बल्ब उलटा बसूच शकत नाही. बसला असता तर नुसता दिवा लावताच ब्रेकची प्रखर तार पेटली असती, आणि ब्रेक दाबला तेव्हा मागच्याला भलतंच दिसलं असतं. अंधारात, हाताला येईल तसा बल्ब बसवणाऱ्या माणसाकडून चूक होऊ नये म्हणून कोणीतरी एवढा विचार केला होता. दुरुस्ती करणारा माणूस त्या आराखड्यात गृहीत धरलेला होता. मागच्या दिव्याचं बाह्य रूप कंपनीचं, पण जिथे बिघाड होतो ती जागा सगळ्यांची, असा हा करार होता.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं आयुष्य याच कराराच्या बळावर लांबलं. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. कारखान्याची जागा पुढे इमारतींनी व्यापली. तरी पद्मिनी टॅक्सी मुंबईत धावत राहिली ती थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत, आणि तिला रस्त्यावरून उतरवलं ते वयोमर्यादेच्या नियमाने. मागे कारखाना उरला नसताना दोन दशकं टॅक्सी चालू राहिली, याचं श्रेय एकट्या दिव्यांना देणं अर्थातच चुकीचं ठरेल. इंजिनापासून दरवाजाच्या कडीपर्यंत सगळंच खोलता येत होतं, आणि खोलता येणारं सगळं पुन्हा घडवता येत होतं. पण या गाडीच्या जागी आज रस्त्यावर असलेल्या एखाद्या गाडीची कल्पना करा, जिचा कारखाना बंद पडला आहे. ही निव्वळ कल्पना नाही. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि २०२० च्या शेवटी पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादनही. फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये इथलं उत्पादन गुंडाळण्याची घोषणा केली. त्या गाड्यांचे दिवे कोणाच्याच मापाचे नाहीत. अशा मालकांसाठी भंगारात निघालेल्या जुळ्या गाडीचा दिवा आणि तो उघडणारा हात यांना पर्याय उरतो कुठे?

करार मोडायला सुरुवात झाली ती १९८३ मध्ये. इंधनटंचाईनंतर गाडीचं नाक वाऱ्याला कापणारं, उतरतं असावं अशी गरज निर्माण झाली होती आणि सपाट काचेचा ठरावीक दिवा तिच्या आड येत होता. फोर्डच्या मागणीवरून अमेरिकी वाहन सुरक्षा खात्याने गाडीच्या आकारात मिसळणाऱ्या, आतला बल्ब बदलता येणाऱ्या दिव्यांना परवानगी दिली, आणि १९८४ ची लिंकन मार्क ७ अशा दिव्यांसह बाजारात आली. युरोपात हे आधीपासूनच होतं. तिथे १९७१ पासून एच-४ हा दोन तारांचा समान हॅलोजन बल्ब रूढ होता. म्हणजे या टप्प्यावर करार पुरता मोडला नव्हता, त्याने फक्त बाजू बदलली होती: दिवा कंपनीचा, बल्ब सर्वांचा. मागच्या दिव्याची जुनी रीत आता पुढच्यालाही लागू झाली. याच सुमारास भिंग स्क्रूने बसवायची पद्धत मागे पडून ते खोक्याला वितळवून जोडायची पद्धत आली. पण बल्ब मागून फिरवून काढता येत असल्याने त्याचं कोणाला फारसं वाटलं नाही. घाव बसला तो एलईडी आल्यावर. २००० च्या मॉडेलच्या कॅडिलॅक डीव्हिलला संपूर्ण एलईडीचे टेललाइट आले आणि पुढच्या वीस वर्षांत ते साध्या हॅचबॅकपर्यंत झिरपले. एलईडी सर्किटच्या पट्टीवर डाख देऊन बसवलेले, पट्टी खोक्यात बंद, खोका भिंगाला जोडलेला. आकार कंपनीचा, उजेडाचं साधनही कंपनीचं, आणि उघडण्याची वाट नाही. सील्ड बीमचं बंद असणं उरलं, सात इंच गेले. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीत तर अशा साधनाची व्याख्याच करून ठेवली आहे: जे बदलायचं असेल तर ज्या उपकरणात ते बसवलं आहे ते अख्खं उपकरणच बदलावं लागतं, ते न बदलता येणारं प्रकाशसाधन. जे पूर्वी बिघाड म्हणून मोजलं गेलं असतं, ते इथे मान्यताप्राप्त प्रकार म्हणून नोंदलं गेलं.

असा दिवा उघडणं किती जिकिरीचं असतं, हे त्याच्या घडणीवरून कळतं. पुढच्या दिव्याचं भिंग बऱ्याचदा ब्यूटिल या चिकट रबरी पदार्थाने बसवलेलं असतं; तो ऊब दिली की सैल होतो, म्हणून हीट गन किंवा ओव्हन वापरून ते धीराने सोडवता येतं. मागच्या दिव्याला ही सोय नाही. तिथे ॲक्रिलिकचं भिंग आणि एबीएससारख्या प्लॅस्टिकचा खोका यांच्या कडा तापत्या पट्टीवर वितळवून, किंवा एकमेकींवर जोराने घासून, एकजीव केलेल्या असतात. दोन्ही प्लॅस्टिकं साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतात. म्हणजे जोड सैल करण्याइतकी उष्णता दिली, तर भिंगच आधी वाकडं होतं. म्हणून कापण्याला पर्याय नसतो. कारागीर जोडाची रेघ शोधतो. ती बहुधा भिंगाच्या लाल रंगाच्या किंचित मागे, बाहेर फुगून थिजलेल्या प्लॅस्टिकच्या बारीक धारेवरून ओळखू येते. आरीचं पातळ पान, तापवलेली सुरी किंवा लहान ग्राइंडरची चकती त्या धारेवरून फिरवायची, पण आत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायची नाही, कारण पलीकडे चंदेरी परावर्तक आणि उजेड वाहून नेणाऱ्या पारदर्शक पट्ट्या असतात आणि त्यांच्यावरचा ओरखडा रात्री बाहेरून दिसतो. दिवा उघडला की बिघाड सहसा क्षुल्लक निघतो. लाल एलईडीला जेमतेम दोन व्होल्ट लागतात, म्हणून बारा व्होल्टच्या गाडीत चार-पाच एलईडी एका ओळीत जोडून पुढे रोधक देतात. ओळीतला एक गेला की ओळ अंधारी. कधी एलईडीही शाबूत असतो. रोजच्या तापण्या-निवण्याने त्याच्या पायाशी डाख चिरलेला असतो. बदललेला सुटा भाग नखाएवढा. मग भिंग पुन्हा बसवायचं: पाट्या बनवणारे ॲक्रिलिकला ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, पण इथे दुसरी बाजू वेगळ्या प्लॅस्टिकची, शिवाय पात्याने जोडाची जाडी खाल्लेली, म्हणून सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचा सीलंट भरावा लागतो. ज्याच्या दिव्याची फक्त काच फुटली होती त्याला दुसऱ्या दिव्याची काच जाते, ज्याचे कान तुटले होते त्याला कान जातात, उरलेली एलईडीची पट्टी पुढच्या गिऱ्हाइकासाठी डब्यात पडते. याला कौशल्य म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

यावर पहिला आक्षेप पाण्याचा, आणि तो वजनदार आहे. स्क्रू आणि रबराच्या पट्टीचे जुने टेललाइट पावसाळ्यात हमखास पाणी पीत. रबर कडक झालं की भिंगाच्या तळाशी पाणी साचे, होल्डर गंजे. वितळवून केलेला जोड त्यापेक्षा भक्कम आहे, हलका आहे आणि कारखान्यात तो मिनिटाभरात होतो. कापून पुन्हा चिकटवलेला दिवा त्या तोडीचा क्वचितच होतो, हेही मान्य. पण यावरून दिवा कायमचा बंद असणं अपरिहार्य ठरत नाही. मुळात आजचा टेललाइट हवाबंद नसतोच. तापला की आतली हवा फुगते, निवला की आकसते. तिला वाट दिली नाही तर जोडावर ताण येईल. म्हणून खोक्याला एक झरोका असतो आणि त्यावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांच्या टेललाइटात एलईडी बंद पेटीत असतो, पण इंडिकेटर आणि रिव्हर्सचे साधे बल्ब त्याच खोक्याच्या पाठीवरच्या होल्डरातून, रबराच्या कड्यावर फिरवून, हाताने काढता येतात. त्या भोकातून पाणी शिरत नाही. एकाच खोक्यात एका बाजूला पाणीही अडतं आणि हातही जातो, तर एलईडीच्या पट्टीसाठी तसा दरवाजा ठेवणं अशक्य होतं असं कोण म्हणेल? सर्वांसाठी समान, बदलता येईल अशा एलईडी साधनांसाठी संयुक्त राष्ट्रांचा १२८ क्रमांकाचा नियम आहे. ती साधनं वापरण्याचं बंधन मात्र कोणावर नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. टेललाइटचा उजेड कोणत्या कोनात किती पडावा हे प्रयोगशाळेत मोजून मान्यता दिलेली असते; उघडलेल्या दिव्याची ती हमी राहत नाही. यात दोन वेगवेगळी कामं एकाच टोपलीत टाकली जातात. दिवा उघडून भिंगाला आतून काळा रंग देणं, लालच्या जागी निळे-पांढरे एलईडी भरणं, हा प्रकार मागच्या वाहनचालकाच्या जिवाशी खेळ आहे आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी. मेलेल्या एलईडीच्या जागी त्याच जातीचा एलईडी बसवणं किंवा तुटलेला कान जोडणं हे काम दिवा मूळ स्थितीत आणणारं आहे. उलट, अख्खी असेंब्ली परवडत नाही म्हणून कितीजण एका बाजूचा मागचा दिवा अंधारा ठेवूनच रात्री हमरस्त्यावर गाडी चालवतात, याचा हिशोब सुरक्षेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी धरला पाहिजे. एलईडीमुळे रस्ता अधिक सुरक्षित झाला, यात मला शंका नाही. तारेचा बल्ब पूर्ण तेजाने पेटायला साधारण एक-पंचमांश सेकंद घेतो, एलईडी जवळजवळ तत्क्षणी पेटतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी साडेपाच मीटर पुढे येते. एवढं मोठं वरदान ज्या भागात आहे, तो भाग बिघडला तर सहज बदलता यावा, हीच सुरक्षेची मागणी असायला हवी.

एलईडी गाडीपेक्षा जास्त जगतो, तेव्हा तो बदलण्याचा प्रश्नच येत नाही, असंही सांगितलं जातं. एलईडीचं वय हजारो तासांत मोजतात ते खरं. पण ते चांगल्या थंड वातावरणातल्या एलईडीचं. डाख, रोधक, विद्युतप्रवाह सांभाळणारं सर्किट, प्लगचे पाय यांची वयं वेगळी. आणि मागून येणाऱ्या स्कूटरचा धक्का कुठलंच वय विचारत नाही.

यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो डिझाइनचा आक्षेप. आज टेललाइट हा गाडीचा चेहरा आहे. सगळ्यांचे दिवे एकसारखे करायला सांगणं म्हणजे घड्याळ उलटं फिरवणं, असं म्हणतात. याला अमेरिकेच्या महामार्गांवरच उत्तर मिळतं. तिथल्या ट्रक-ट्रेलरांचे मागचे दिवे आजही ठरावीक मापांचे आहेत: चार इंची गोल किंवा सहा इंची लांबट गोल. ते एलईडीचे आहेत आणि पूर्णपणे बंदही आहेत. ट्रक-लाइटसारख्या कंपन्यांनी ट्रकांसाठी बंद दिव्यांची रीत मोटारींत एलईडी येण्याच्या कितीतरी आधी रुजवली होती. दिवा रबराच्या कड्यात दाबून बसतो, मागे ठरावीक प्लग. गेला तर ड्रायव्हर रस्त्याकडेच्या दुकानातून कुठल्याही कंपनीचा घेतो आणि हत्याराशिवाय बसवतो. ट्रकमालकाला गाडी उभी राहणं परवडत नाही, तो एकगठ्ठा खरेदी करतो आणि त्याचं म्हणणं उत्पादकाला ऐकावं लागतं. म्हणून तिथे १९४० चा करार अजून जिवंत आहे. तो सुटा दिवा कोणी कापत बसत नाही, कारण कापायची गरज पडत नाही. दिवा बंद असणं हा मूळ तंटा नाही, हे यावरून मला पुरेसं सिद्ध झालेलं वाटतं. मोटारीतही बाहेरचं रूप प्रत्येकाचं निराळं ठेवून आतली एलईडीची पट्टी समान ठेवता येईल. बल्बच्या काळात तेच होत होतं.

चोरीचा आक्षेप टाळता येणार नाही. काढीव मालाच्या बाजारात चोरीच्या गाड्यांचा माल मिसळतो. मेरठच्या सोतीगंजचा असा बाजार २०२१ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी बंद पाडला, तो याच कारणाने. पण सुटा टेललाइट चोराच्या दृष्टीने मोलाचा ठरतो तो नव्याची किंमत चढी आणि दुसरा पर्याय शून्य असल्यामुळे. समान मापाचा बल्ब चोरून कोणी श्रीमंत झालं नाही. काही महागड्या गाड्यांत आता दिव्याची गाडीच्या संगणकाशी ओळख पटवावी लागते, नाहीतर दुसऱ्या गाडीतला चांगला दिवाही पेटत नाही. चोरी रोखायला हा उपाय म्हणून पुढे केला जातो, पण त्याने रीतसर भंगारातून आलेला प्रामाणिक दिवाही निकामी ठरतो. प्लॅस्टिकच्या जोडावर चढवलेलं हे दुसरं सील आहे. चोरीवर खरा इलाज काढीव मालाची नोंद ठेवणारा उघड धंदा. युरोपीय संघाने २००० सालच्या आपल्या निर्देशात नवी गाडी बाजारात आल्यापासून सहा महिन्यांत ती सुटी कशी करायची याची माहिती भंगार केंद्रांना देणं उत्पादकांवर बंधनकारक केलं. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत भंगार केंद्रं आली आहेत. त्यांतून निघणारा टेललाइट चुरा होऊन जावा की तपासून, पावतीसह विकला जावा, हा प्रश्न आता हाती घेण्यासारखा आहे. चुऱ्यालाही तसा भाव येत नाही, कारण एकजीव झालेलं ॲक्रिलिक आणि एबीएस वेगळं करणं कठीण.

सुट्या भागांच्या बाबतीत कायदा अजून दोन दिशांना ओढला जातो. अमेरिकेत सुट्या भागांच्या विक्रेत्यांनी फोर्डच्या एफ-१५० या गाडीचं बॉनेट आणि पुढचा दिवा यांच्यावरच्या डिझाइन पेटंटांना आव्हान दिलं. २०१९ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये उलट पाऊल टाकलं: गाडीला मूळ रूप परत देण्यापुरता वापरलेला सुटा भाग डिझाइनच्या हक्काआड अडकणार नाही, असं कलम आणलं, आणि ज्या देशांत असं संरक्षण आधीपासून होतं तिथल्या जुन्या डिझाइनांना ९ डिसेंबर २०३२ पर्यंत मुदत दिली. भारतात स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारापासून अडवून ठेवल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. त्या आदेशातलं मूळ निरीक्षण या लेखाच्या विषयाशी थेट भिडतं: गाडी विकत घेताना गिऱ्हाइकासमोर अनेक कंपन्या असतात, पण घेतल्यानंतर तिच्या सुट्या भागांच्या बाजारात एकच कंपनी उरते. अपिलात २०१६ मध्ये तीन कंपन्यांपुरता दोष कायम राहिला, दंडाची रक्कम मात्र बरीच खाली आली. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मोटारींचा समावेश चार प्रमुख क्षेत्रांत केला आणि वर्षाअखेरीस पोर्टलही सुरू केलं. त्या पोर्टलवर कंपन्यांनी सेवा केंद्रांचे पत्ते आणि वॉरंटीच्या अटी देण्यावर थांबू नये. दिव्याचा जोड कुठे आहे, आतली पट्टी कोणत्या मापाची आहे आणि ती सुटी कुठे मिळेल, हे तिथे लिहिणं बंधनकारक करावं. वाहनांचे दिवे बनवणारे ल्युमॅक्ससारखे कारखाने चाकणला आहेत, व्हेरॉकसारखा उद्योग छत्रपती संभाजीनगरातून वाढला आहे. समान एलईडी पट्टी घडवायचं ज्ञान आणि यंत्रं इथेच, पुणे-संभाजीनगरच्या पट्ट्यात आहेत. तशी पट्टी बनवायला सांगणारा नियम तेवढा अजून नाही.